फेल्को २ सिकेटर: सप्टेंबरात राक्षसी भोपळ्याच्या वेलीवर वापरून बघितलं त्याचा रिव्ह्यू

फेल्को २ ह्या सिकेटरचे (म्हणजे छाटणीच्या हातकात्रीचे) रिव्ह्यू शोधायला गेलात तर ढिगाने सापडतील पण सगळे गुलाबवाल्यांचे नाहीतर सफरचंदवाल्यांचे, भोपळ्याच्या वेलीवर आणि तेही सीझन संपत आलेला असताना हे सिकेटर कसं चालतं हे मला कुठे वाचायला मिळालं नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं. आधीच सांगते, रिव्ह्यू लांबणार आहे, कारण भोपळ्याला शेवटच्या महिन्यात काय कापायचं आणि काय नाही हे सांगितल्याशिवाय टूल चांगलं की वाईट ते सांगताच येत नाही. घाई असेल त्यांच्यासाठी निकाल आत्ताच: टूल एक नंबर, पण भोपळ्यासाठी पहिली खरेदी म्हणून हे घेऊ नका. का ते खाली.

आता भोपळा म्हणजे भाजीवाल्याकडे फोडी करून मिळतो तो डांगर नाही हं. हा अटलांटिक जायंट. कॅनडातल्या नोवा स्कोशियामधल्या विंडसर गावचे हॉवर्ड डिल म्हणून शेतकरी होते त्यांनी निवड करत करत ही जात तयार केली, १९८१ साली त्यांचा स्वतःचा भोपळा ४९३.५ पौंडांचा म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास भरला होता आणि तेव्हा तो जागतिक विक्रम होता. आज ४९३ पौंडांचा भोपळा घेऊन स्पर्धेला गेलात तर लोक प्रेमाने पाठ थोपटतील आणि पुढच्या वर्षी या म्हणतील. २०१२ मधे आमच्या इथल्या टॉप्सफील्डच्या जत्रेत ऱ्होड आयलंडच्या रॉन वॉलेसनी २००९ पौंडांचा आणला, एक अमेरिकन टनाच्या (म्हणजे २००० पौंडांच्या) वर गेलेला जगातला पहिला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमधे इंग्लंडच्या पेटन जुळ्या भावांनी २८१९ पौंडांच्या वर नेला, म्हणजे जवळपास १२७९ किलो. आपल्याकडची छोटी कार एवढी भरत नाही.

आम्ही बॉस्टनच्या उत्तरेला राहतो, त्यामुळे टॉप्सफील्ड आमच्यासाठी घरचीच जत्रा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती भरते, भोपळ्यांची वजनं तिथेच होतात. एका झाडाला हजार स्क्वेअर फूट जागा लागते, आपल्या भाषेत एक गुंठा धरून चला, आणि त्या अख्ख्या गुंठ्यात एक वेल आणि तिच्यावर एकच भोपळा. माझं माहेर आणि सासर दोन्ही निफाड तालुक्यातलं, द्राक्षवाले, त्यामुळे छाटणी हा विषय आमच्याकडे जेवणाच्या ताटावर सुद्धा चालतो. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग बगलफूट, मग विरळणी. सिकेटर हातात धरायला मला इथे येऊन कोणी शिकवायची गरज नव्हती.

तर टूल. फेल्को ही स्विस कंपनी, १९४५ पासूनची. २ नंबर हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं मॉडेल, लाल दांड्यांचं, ते बघितलं की ओळखू येतं. दांडे अल्युमिनियमचे, ब्लेड कडक स्टीलचं, वजन पाव किलोच्या आतबाहेर, आणि साधारण एक इंच जाडीची फांदी कापेल असं कंपनी सांगते. बायपास प्रकारचं आहे, म्हणजे कात्रीसारखं एक पातं दुसऱ्याच्या बाजूने घसरत जातं. खालच्या पात्यावर चीक वाहून जायला एक खाच दिलेली आहे आणि बारीक तार कापायला वेगळी खोबण. हातात घेतलं की भरीव वाटतं, दांड्याला लाल कोटिंग असल्यामुळे घामाने निसटत नाही, मिटवून ठेवायचा खटका अंगठ्याने लागतो. मध्यम ते मोठ्या हाताला बसतं. माझा हात मध्यम आहे, मला बसलं, माझ्या जावेला ते पूर्ण उघडलेलं असताना बोटं पुरत नव्हती. लहान हातासाठी त्यांचं ६ नंबर आहे, डावखुऱ्यांसाठी ९, आणि बारीक बारीक कामाच्या कात्र्या वेगळ्या.

आता काम काय असतं ते बघा. जून-जुलैमधे वेल पसरवताना जी छाटणी असते ती वेगळी. तेव्हा मुख्य वेल सरळ चाललेली असते, तिच्या दोन्ही बाजूंना सेकंडरी, म्हणजे बाजूच्या वेली, निघतात, त्या बुडाशी लांब आणि शेंड्याकडे आखूड ठेवायच्या म्हणजे वरून बघितलं तर ख्रिसमस ट्रीचा आकार दिसतो, आणि प्रत्येक सेकंडरीच्या पानाच्या बगलेतून जी फूट येते ती दिसली की काढायची. तेव्हा सगळं कोवळं असतं. बगलफूट नखाने मोडली तरी मोडते, कात्री लागतच नाही. फळ साधारण जूनच्या शेवटी नाहीतर जुलैच्या पहिल्या आठवड्यात धरतं, ऑगस्टमधे ते चांगल्या वेलीवर दिवसाला तीस-चाळीस पौंडांनी वाढतं, काहींचं पन्नासच्याही वर जातं. तेव्हा माणूस रोज संध्याकाळी टेप घेऊन घेर मोजतो, आडवं मोजतो, उभं मोजतो, बेरीज करून तक्त्यात वजन बघतो आणि खुशीत झोपतो.

सप्टेंबर लागला की गंमत संपते. वाढ पाच-दहा पौंडांवर येते, मग दोनावर, मग टेप आणि तक्ता दोन्ही गप्प. बुडाजवळची पानं पिवळी पडतात, त्यांच्यावर भुरी (पांढरी पावडरसारखी बुरशी) आलेली असते, रात्री थंड होतात, सकाळी दहा वाजेपर्यंत दव सुकत नाही. आणि नेमकं ह्याच वेळी वेल पुन्हा फुटायला लागते. ज्या सेकंडरीचे शेंडे आपण जुलैत कापून मातीत दाबून टाकले त्यांच्या प्रत्येक पेरातून नवीन बगलफूट, तिला तणावे, तिच्यावर परत कळ्या, मादी कळी सुद्धा! बघून असं वाटतं की वा झाडात किती जोर आहे. जोर आहे खरा पण तो आता नको तिथे चाललाय.

कारण असं की नवीन पान जन्मल्या जन्मल्या कमावत नाही. भोपळ्याचं पान साधारण अर्ध्या आकाराचं होईपर्यंत स्वतःच दुसऱ्या पानांकडून साखर घेत असतं, त्यानंतर ते खऱ्या अर्थाने साखर बाहेर पाठवतं. आमच्याकडे ऑक्टोबरच्या सुरुवातीला भोपळा कापायचाच असतो आणि दहिवर (गोठलेलं दव) कधी पडेल त्याचा नेम नाही, मग सप्टेंबरच्या मध्याला फुटलेलं पान कमवायला लागणार कधी? तोपर्यंत जत्रा झालेली असते. म्हणून ऑगस्टच्या शेवटापासून मी बगलफूट दिसली की काढते, कळ्या दिसल्या की काढते, आणि ह्यात दयामाया नाही.

दुसरी बाजू पण सांगते, कारण अनुभवी लोकांमधे दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो सगळे शेंडे बंद करा, म्हणजे कापून वाढ थांबवा, सगळं भोपळ्याकडे जाऊ दे. दुसरा म्हणतो चार-दोन शेंडे चालू ठेवा, मोठा पाऊस झाला तर मुळांनी ओढलेलं पाणी जायला वाट राहते, नाहीतर सगळा दाब फळावर येऊन फळ तडकतं. मी दुसऱ्या पक्षाची आहे पण अर्धीच, म्हणजे फळापासून लांबच्या, मागच्या कोपऱ्यातल्या दोन-तीन सेकंडरींचे शेंडे चालू ठेवते आणि बाकी बंद. सगळे शेंडे एकाच दिवशी मात्र कधीच बंद करत नाही, आज उजवी बाजू, दोन-तीन दिवसांनी डावी.

आता ह्या कामाला फेल्को २ कसं? खरं सांगायचं तर जास्तच आहे. बगलफूट असते बोटाएवढी, ती असते पानाच्या देठ आणि वेल ह्यांच्या बेचक्यात, शेजारी तणावा, खाली मातीत गेलेलं मूळ. त्या बेचक्यात एवढं रुंद तोंडाचं सिकेटर घातलं की ते शेजारच्या चांगल्या देठाला लागतंच, आणि चांगल्या पानाचा देठ अर्धवट चिरला गेला की ते पान दोन दिवसांत मान टाकतं. इथे जिंकली ती आमची विरळणीची कात्री. हो, द्राक्षाच्या घडातले मणी काढायला बायका वापरतात ती, बारीक लांब चोचीची, स्प्रिंगवाली. आईने येताना पिंपळगावहून आणली होती, तिकडे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात शे-दोनशे रुपयांत मिळते. चोच बेचक्यात सरळ आत जाते, एक कट, फूट हातात. इथे अमेरिकेत ह्याच प्रकाराला ग्रेप स्निप म्हणून शोधा, जपानी आणि स्विस दोन्ही मिळतात, त्याही मोठ्या सिकेटरच्या अर्ध्या किमतीच्या आत.

पानांचं काम मात्र वेगळं आणि इथे मजा आहे. ह्या भोपळ्याचं पान छत्रीएवढं असतं, देठ दोन-अडीच फूट उंच, अंगठ्याहून जाड, वर काटेरी केस की हात लाल होतात (बाह्यांचा शर्ट घाला, हाफ टीशर्टमधे जाऊ नका). आणि देठ आतून पोकळ. पिवळं पान काढायचं म्हणून वरून नुसतं पान छाटलं आणि देठ उभा ठेवला तर ती उभी नळी झाली, पाऊस पडला की नळीत पाणी भरतं, पाणी कुजतं आणि कूज देठातून खाली उतरून वेलीत शिरते. म्हणून कट खाली घ्यायचा, वेलीपासून इंचभर ठेवून, थोडा तिरका, म्हणजे पाणी थांबत नाही. वेलीला अगदी चिकटून कापायचं नाही, कारण मग जखम थेट वेलीवर होते. राहिलेला इंचाचा तुकडा ऊन असेल तर आठवड्याभरात सुकून तपकिरी होतो आणि बोटाने सुद्धा निघतो.

फेल्को इथे कसं कामाला येतं ते बघण्यासारखं. गुडघ्यावर बसायचं, डाव्या हाताने देठ धरायचा, तोंड तिरकं लावायचं आणि दाबायचं, आवाज सुद्धा होत नाही. कापलेल्या कडेकडे बघा, गोल ती गोल राहते, चेपत नाही, आतल्या पांढऱ्या कडेवर पाण्याचे थेंब जमा होतात आणि उन्हात सुकायला लागतात. हे महत्त्वाचं आहे कारण आमच्या शेडमधे एक दुसरं स्वस्तातलं सिकेटर पडलेलं आहे, ॲन्व्हिल प्रकारचं, म्हणजे वरचं पातं खालच्या सपाट पट्टीवर येऊन आदळतं. सुक्या लाकडाला ते ठीक आहे पण पोकळ देठाला लावलं की देठ आधी चपटा होतो, मग उभा चिरतो, आणि ती चीर खाली वेलीपर्यंत जाते. कापण्याऐवजी चेंगरणं झालं ते. भोपळ्याला ॲन्व्हिल लावू नका, कुठल्याही कंपनीचं असो, फुकट मिळालं तरी नको.

वेळ पण सांगते. सकाळी दव असताना कधीही नाही, अकरा वाजून गेले की, ऊन पडलेलं आणि पुढचे दोन दिवस पाऊस नाही असं बघून. ऑफिसवाल्यांना हे जमत नाही मला माहितीये, मग शनिवार-रविवार धरा. संध्याकाळी सातला टॉर्च लावून कापणारे पण आहेत, त्यांच्या जखमा रात्रभर ओल्या राहतात.

आणि आता मुख्य मुद्दा, पानं किती काढायची. मागच्या सप्टेंबरात सासरे इथे होते, आमचे अण्णा, आयुष्य द्राक्षात गेलेलं. पॅचमधे, म्हणजे भोपळ्याच्या वाफ्यात आले, फळाभोवतीची दाट पानं बघितली आणि सरळ सिकेटर मागायला लागले.

“अगं, एवढं रान कशाला ठेवलंय फळाभोवती? आपण घडाजवळची पानं काढतो की नाही, ऊन-वारं लागलं पाहिजे फळाला.”

“अण्णा, द्राक्षाला रंग पाहिजे, साखर पाहिजे. ह्याला नुसतं वजन पाहिजे. ह्याला ऊन लागलं तर साल लवकर कडक होते, म्हणून तर मी त्याच्यावर पांढरी चादर घातलीये.”

“मग खाणार कोण हे?”

“कोणी नाही.”

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरं. पण ती पिवळी तरी काढ.”

पिवळी काढायचीच आहेत, त्यात वाद नाही. पण हिरवं पान, त्याच्यावर भुरीचे ठिपके असले तरी, अजून काम करत असतं. माझा नियम असा की अर्ध्याहून जास्त पान पिवळं किंवा वाळकं असेल तर काढायचं, अर्ध्याहून जास्त हिरवं असेल तर ठेवायचं आणि भुरीसाठी फवारणी चालू ठेवायची. सप्टेंबरात माणसाला पॅच विरळ आणि साफ दिसावा अशी हौस येते, वजनाच्या दिवशी लोक बघायला येतात वगैरे, आणि हातात नवीन धारदार सिकेटर असलं की अजूनच. तिथे हात आवरा. भोपळा ह्या दिवसांत जे काही दोन-चार पौंड रोज घेतोय ते ह्याच म्हाताऱ्या पानांच्या जिवावर. शिवाय एका दिवसात पन्नास पानं काढली तर पानांतून उडून जाणारं पाणी अचानक कमी होतं, मुळं मात्र तेवढीच ओढत असतात, आणि ह्याच दिवसांत फळं तडकल्याची उदाहरणं असल्यामुळे अनुभवी लोक एकदम छाटणीला घाबरतात. थोडी थोडी काढा. वाळलेली पानं फळाला टेकलेली असतील, किंवा फळाच्या बुडाशी ओल धरून बसली असतील, ती आधी. फळाच्या खालून हवा खेळली पाहिजे, बुडाशी कूज लागली की खेळ खल्लास, कारण स्पर्धेत भोक पडलेलं, सडलेलं फळ अधिकृत वजनात धरतच नाहीत, मग ते कितीही मोठं असू दे.

अजून एक जागा आहे जिथे जाड टूल लागतंच, ती म्हणजे फळाच्या देठाच्या आसपास. भोपळा वाढताना त्याचे खांदे वर येतात आणि मुख्य वेलीला उचलायला लागतात. वेल खाली मुळांनी मातीत धरलेली असेल तर देठावर ताण येतो आणि देठ फाटतो. म्हणून फळाच्या दोन्ही बाजूंच्या दोन-तीन फुटांतली मुळं आधीच तोडून वेल मोकळी ठेवतात, आणि देठाला लागून निघालेली सेकंडरी खांद्यात रुतायला लागली तर ती पण काढावी लागते. हे खरं तर जुलै-ऑगस्टचं काम पण सप्टेंबरात सुद्धा एखादी राहिलेली असते. तोपर्यंत ती सेकंडरी जाड झालेली, दोरखंडासारखी तंतूदार, विरळणीची कात्री तिच्यावर हसते. फेल्कोने दोन दाबात. तोंड बारीक असतं तर अजून बरं झालं असतं कारण फळाची साल आणि सिकेटरचं टोक ह्यात अर्धा इंच पण नसतो, मी मधे जाड पुठ्ठा धरते. सालीला टोक लागलं तर ओरखडा राहतो, आणि ओरखड्यातून पुढे काय होईल ते सांगता येत नाही. बागायतदार लोक इथे हुक असलेला छोटा चाकू वापरतात, तो पण चांगला, पण माझा हात सिकेटरला सरावलेला.

आणि शेवटी भोपळा कापायचा दिवस. कापला की वजन उतरायला लागतं, त्यामुळे सगळे लोक शक्य तेवढं शेवटपर्यंत थांबतात, तिकाटणं लावून पट्टे अडकवून तयार ठेवतात आणि मग देठाच्या दोन्ही बाजूंनी वेल कापतात. वजनाच्या वेळी वेलीचा लांब तुकडा लटकत ठेवलेला चालत नाही, देठाच्या जवळ तासून घ्यावा लागतो. ह्या वेळची मुख्य वेल म्हणजे फेल्कोच्या एक इंचाच्या हद्दीच्या बाहेरची गोष्ट. पोकळ असल्यामुळे दोन-तीन बाजूंनी थोडं थोडं कापत जाता येतं, पण मुळात हे छोट्या आरीचं काम आहे, सिकेटरला जबरदस्ती करू नका, पातं पिळवटतं. हे मी दोष म्हणून लिहीत नाहीये, कंपनीने जेवढं सांगितलंय तेवढं ते करतंच.

लांब दांड्याची कात्री, जिला इथे लॉपर म्हणतात, ती कामाची आहे का असं एका मैत्रिणीने विचारलं. पॅचच्या मधे पाय ठेवायला जागा नसते, वेलींवर पाय पडू नये म्हणून लोक फळ्या टाकून चालतात, त्यामुळे लांबून कापता आलं तर बरं असं वाटणं साहजिक आहे. पण लांबून नेमका कट घेता येत नाही, पिवळ्याऐवजी शेजारचं हिरवं पान जातं. गुडघे दुखत असतील तर खाली उशी घ्या आणि जवळ जाऊनच कापा.

साफसफाई. भोपळ्याच्या वेलीचा चीक दिसायला पाण्यासारखा असतो पण सुकला की डिंकासारखा बसतो, अर्ध्या तासात पातं जड चालायला लागतं. फेल्कोच्या चीक-खाचेने फरक पडतो पण थोडाच, शेवटी पुसावंच लागतं. मी खिशात ७० टक्के रबिंग अल्कोहोलची छोटी बाटली आणि फडकं ठेवते, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना पातं पुसायचं म्हणजे पुसायचंच, आणि एखादी सेकंडरी अचानक मरगळलेली असेल, मर रोगाची शंका असेल, तर ती सगळ्यात शेवटी कापायची आणि नंतर पुसायचं. रोग हाताने आणि पात्याने फिरतात. ब्लीचमधे बुडवणारे पण बघितलेत, रोग मरतो पण स्टीलला गंज चढतो, एवढ्या महागाच्या वस्तूवर तो प्रयोग कशाला. घरी आल्यावर कोमट पाणी, साबण, कोरडं करून तेलाचा थेंब.

कापलेला माल पॅचमधे टाकू नका हे पण सांगते. भुरीची पानं, पिवळ्या वेली सगळं उचलून बाहेर. कोवळे शेंडे बघून आईच्या जिवाची घालमेल होते, एवढी सुंदर भाजी फेकून देता म्हणते, आणि खरंय, भोपळ्याच्या शेंड्यांची आणि फुलांची भाजी कोण टाकतं! पण ह्या वेलीवर सगळा सीझन बुरशीनाशक, कीटकनाशक चालू असतं, त्यामुळे ह्यातलं काही खायचं नाही. भाजीसाठी कुंपणाजवळ साधा भोपळा वेगळा लावलाय, तो फवारणीशिवाय, त्याचे शेंडे आई हाताने खुडते, तिला कुठलंच टूल लागत नाही. घारगे पण त्याचेच.

किंमत. मी बघितलं तेव्हा अमेरिकेत फेल्को २ साधारण साठ-सत्तर डॉलरला पडत होतं, सेलमधे थोडं खाली. पाहिलं तर महाग, पण एक गोष्ट आहे जी स्वस्तातल्या सिकेटरमधे मिळत नाही, सगळे पार्ट वेगळे मिळतात. पातं, खालचं पातं, स्प्रिंग, बोल्ट, सगळ्याला नंबर आहेत, पातं बदलायचं तर २/३ मागायचं, स्प्रिंग २/९१. माझ्या अनुभवात साध्या सिकेटरची स्प्रिंग गेली की ते सिकेटर गेलं. इथे स्प्रिंग पॅचमधे पडून हरवली तरी दुसरी काही डॉलरमधे येते. धार मात्र स्वतः लावायला शिका, फक्त तिरक्या बाजूला, सपाट बाजूला दगड नुसता फिरवून कूस (धार लावताना कडेला उठलेला बारीक खरखरीतपणा) काढायची. द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको.

मग घ्यायचं का? तुमच्याकडे एकच भोपळा आहे, अंगणात बाकी झाडं नाहीत, तर नको. बारीक चोचीची कात्री घ्या, एखादी छोटी आरी घ्या, दोन्ही मिळून तीस डॉलरच्या आत होतं आणि सप्टेंबरातलं बहुतेक सगळं काम त्यात निघतं. मागे गुलाब, सफरचंद, द्राक्षाचा मांडव असं काही असेल तर मात्र डोळे झाकून घ्या, भोपळ्याची जाड पानं आणि सेकंडरी हे मग बोनस. भारतातून कोणी येत असेल तर विरळणीच्या कात्र्या दोन-तीन मागवा, पण चेक-इन बॅगेत टाकायला सांगा, हँडबॅगेत ठेवली तर सिक्युरिटीवाले काढून घेऊ शकतात.